तिसऱ्या वाटीतलं पाणी

ऑगस्ट १९९६, श्रावणातला शनिवार, दुपार. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका अरुंद गल्लीतलं घर, पहिला मजला.

हजर: अक्का, खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर उशी घेऊन. त्यांचे यजमान अण्णा, दारात उभे. आत येत नव्हते, कारण आत आले असते तर बसावं लागलं असतं. मुलगा सुभाष, जिन्याच्या वरच्या पायरीवर, हाताला कोळशाची काजळी. मी, हातात काचेची नळी धरून.

गैरहजर: मासे.

नळीतलं पाणी पिवळं झालं होतं. पातळ चहासारखं नाही, पण हळदीचं बोट बुडवल्यासारखं नक्की.

"म्हंजे आज बी न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"आज नाही."

"टेस्टबाई, टाकीत मासा न्हाई, बेडूक न्हाई, नुसतं पानी हाय. पान्याला कसला रोग झाला?"

माझ्या कामात इतका चांगला प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता, म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमचं ते माशांचं काहीतरी लिहा" असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला.

आधी माझं काम काय ते सांगते. मी मुलींच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होते. शाळेने प्रयोगशाळा आवरती घेतली तेव्हा मलाही आवरतं घेतलं. जवळच राजण्णांचं फिश टँकचं दुकान होतं. राजण्णा टँक विकायचे, मासे विकायचे, आणि पंधरा दिवसांत तेच गिऱ्हाईक मेलेले मासे पिशवीत घालून परत यायचं. राजण्णा प्रत्येकाला एकच सांगायचे, "स्वल्प जास्त खायला घातलंत." मी एकदा म्हटलं, पाणी तपासून बघू या का? ते म्हणाले, "सरी, नोडी मेडम." म्हणजे, बरं, बघा. त्या दिवसापासून मी पाणी तपासते. घरोघरी जाते, टँक लावून देते, तो मासे ठेवण्याजोगा झाला की नाही ते सांगते. गिऱ्हाईकं मला टेस्टबाई म्हणतात.

नवा टँक मासे ठेवण्याजोगा व्हावा लागतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. लोकांना वाटतं, काच, वाळू, पाणी, दिवा, की झालं. मी त्यांना दह्याचं उदाहरण देते. दूध भांड्यात ओतलं म्हणजे दही होत नाही. मासा पाण्यात राहतो, तिथेच खातो आणि तिथेच घाण करतो. त्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. नदीत, तळ्यात हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात; ते त्याचं आधी एक रूप करतात, मग दुसरं, आणि शेवटचं रूप माशाला फारसं बाधत नाही. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. ते वाळूत, स्पंजमध्ये वस्तीला यायला काही आठवडे लागतात. आम्ही याला टँक पिकणं म्हणतो. जुन्या, चांगल्या टँकमधली मूठभर वाळू आणून घातली तर लवकर पिकतो. ते आमचं विरजण.

मग पिकला हे कसं कळायचं? डोळ्यांना पाणी पहिल्या दिवशीही स्वच्छ दिसतं. म्हणून नळी. टँकमधलं थोडं पाणी नळीत घ्यायचं, त्यात एका औषधाचे थेंब टाकायचे, थांबायचं. पिवळं झालं तर अमोनिया आहे. जितकं गडद तितका जास्त. पाण्यासारखं पाणी राहिलं तर नाही. हे औषध विषारी असतं, पारा असतो त्यात. वापरलेलं पाणी मी मोरीत ओतत नाही, वेगळ्या बाटलीत भरून नेते.

ऐकायला सोपं आहे. चुका मात्र कराव्या तितक्या.

बसवनगुडीत एक निवृत्त बँक अधिकारी होते. ते स्वतः तपासायचे आणि रोज मला फोन करायचे, "बाई, पिवळं!" मी गेले तर पाणी स्वच्छ. मी निघाले की पुन्हा पिवळं. शेवटी मी त्यांना म्हटलं, मी असताना तुम्ही करा. त्यांनी नळी उचलली, आणि देवघरातल्या पिवळ्या बल्बखाली नेऊन धरली. रोज संध्याकाळच्या पूजेनंतर तपासायचे ते. तिथे त्यांचं धोतरसुद्धा पिवळं दिसत होतं. नळी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून वरून बघायची, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला करून दाखवते. नुसतं सांगत नाही.

जयनगरच्या एका ब्यूटी पार्लरवाल्या बाईंची चूक मला जास्त आवडली. त्यांचा टँक पिकून जुना झाला होता, मासे मजेत होते, आणि नळी गडद पिवळी. असं होऊ शकत नाही. मी बघत बसले. त्यांनी नळीत थेंब टाकले, तोंडावर अंगठा दाबला आणि नळी झटकली. आत्ताच एका गिऱ्हाइकाचे केस रंगवून आल्या होत्या. केसांच्या रंगात अमोनिया असतो. टँक ठीकच होता, आमच्या नळीने बाईंचा अंगठा तपासला होता.

नळीचं हेच वैशिष्ट्य आहे. ती खोटं बोलत नाही; आपण तिला काय विचारलं हे मात्र आपल्याला माहीत हवं. जड पाण्यात, म्हणजे आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात, औषध टाकल्यावर नळी गढूळ होते. तो गढूळपणा म्हणजे अमोनिया नव्हे. त्यासाठी आधी दुसरा एक क्षार घालावा लागतो. आणि तितकाच पिवळेपणा कावेरीच्या पाण्यात माशाला सोसवेल, बोअरच्या पाण्यात सोसवेलच असं नाही. म्हणून पाणी कुठलं, हा माझा पहिला प्रश्न असतो.

अक्कांच्या घरी पाणी बोअरचं. कावेरीचं एक दिवसाआड यायचं, ते पिण्याला.

आता त्या घराबद्दल. अण्णा सांगलीकडच्या दुष्काळी भागातले. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, तसे अण्णा मिसरूड फुटायच्या आधी बंगळूरला आले. गलाई म्हणजे सोनाराकडचे मोडीचे दागिने, तुकडे, दुकानातला केरसुद्धा वितळवून त्यातून शुद्ध सोनं-चांदी काढायचं काम. खालच्या मजल्यावर भट्टी, वर दोन खोल्यांत संसार. तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं काम ते दुसरीकडे करवून घेत. इथे फक्त वितळवणं.

अक्कांना दम्याचा त्रास होता. जिना उतरणं बंद झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बंगळूरची हवाच अशी, फुलांची धूळ फार. घरात कोंडून राहू नका, खिडकीशी बसत जा, मोकळी हवा घ्या. अक्का दिवसभर खिडकीशी बसत. समोर दुसऱ्या घराची भिंत होती. भिंत बघून कंटाळल्या म्हणून सुभाषने टँक आणला. कुठल्याशा दुकानातून मासे आणले, ते आठवड्यात मेले. पुन्हा आणले, पुन्हा मेले. तेव्हा अण्णांनी निकाल दिला: घरात मेलेलं बघायचं नाही. गणपतीच्या आत मासे जगले तर टँक राहील, नाहीतर त्या कोपऱ्यात मखर लागेल आणि टँक गल्लीतल्या न्हाव्याला जाईल. त्याने मागितलाच आहे, गिऱ्हाइकं बसतात तिथे शोभेल.

"त्याच्याकडे बघायला रस्ता आहे की," अक्का मला म्हणाल्या होत्या. "मला काय आहे? भिंत. आन् त्या भिंतीला एक पाल. ती बी रोज येत न्हाई."

म्हणून मला बोलावलं होतं. मी सगळं नियमाने केलं. टँक रिकामा केला, वाळू धुतली, पाणी भरलं, विरजण घातलं, मासा एकही नाही. काही आठवडे गेले. दर शनिवारी दुपारी मी जायची आणि नळी पिवळी व्हायची. एव्हाना अमोनिया संपायला हवा होता. टँकमध्ये अमोनिया करणारं काहीच नव्हतं.

मला असं कोडं पडलं की मी संशयितांची यादी करते. पहिला संशय माझ्या औषधावर. मोटारीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणून तपासलं, स्वच्छ. औषध निर्दोष. दुसरा संशय वाळूवर आणि बोअरच्या पाण्यावर. तीच वाळू आणि तेच पाणी एका लोणच्याच्या बरणीत भरून, झाकण लावून स्वयंपाकघरात ठेवलं. पुढच्या शनिवारी बरणी स्वच्छ, टँक पिवळा. दोन्ही निर्दोष. तिसरा संशय सांगायला अवघड होता.

"अक्का, रागावू नका. टँकमध्ये तुम्ही काही घालता का? नैवेद्याचं वगैरे?"

"श्रावणात मी खोटं बोलेन व्हय?"

"म्हणजे नाही घालत."

"श्रावण लागायच्या आधी एक शिताचा दाणा टाकला होता. पाणी एकटंच दिसत होतं गं."

एक शीत म्हणजे काही नव्हे. चौथा संशय अण्णांवर. टँक जावा असं त्या घरात त्यांनाच वाटत होतं. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं तर ते म्हणाले, "माझ्याकडं बघू नगा. मला टाकी घालवायची आसंल तर मी उचलून घालवीन. चोरून मुतायला जानार न्हाई तिच्यात."

"अहो!" अक्का ओरडल्या, आणि हसता हसता त्यांना असा खोकला आला की सुभाष पाणी आणायला धावला.

मी घरी जाऊन बसले. बरणी आणि टँक. पाणी तेच, वाळू तीच. टँकमध्ये असं काय आहे जे बरणीत नाही? सापडेना.

गणपती सोमवारी होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी अमावास्या. दुपारी दुकानात फोन वाजला. राजण्णांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. "मेडम, तुमचा भट्टीवाला."

"टेस्टबाई, आज आमावस. भट्टी बंद, माझं हात मोकळं हायत," अण्णा म्हणाले. "या आन् टाकी उपसून द्या. सुताराला मखराचं माप घ्यायचंय."

अमावास्येला त्यांच्या धंद्यातली माणसं विस्तव पेटवत नाहीत. भट्टी झाडायची, अवजारं पुसायची, तेल-हळद लावायची, बाकी सुट्टी.

मी गेले. सुतार येऊन बसला होता. अक्का खिडकीशी, तोंड भिंतीकडे. मी पाणी उपसायची रबरी नळी काढली, पण आधी हाताला सवय म्हणून काचेची नळी भरली. थेंब टाकले, खिडकीच्या उजेडात कागदावर धरली.

पाणी स्वच्छ होतं. अगदी बारीक पिवळी झाक असेल तर असेल; मी दोनदा डोळे मिटून उघडून बघितलं.

पुन्हा केलं. तेच.

"अण्णा," मी म्हटलं, "सुताराला परवा बोलवा."

"का?"

"टँक पिकलाय."

"मग शनवारी का पिवळा व्हता?"

"तेच मला बघायचंय. उद्या भट्टी पेटवाल ना?"

"पेटवनार की. सनाच्या तोंडावर सोनार गप बसत्यात व्हय?"

"मग मी उद्या येते. एक दिवस द्या."

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का अजून भिंतीकडेच बघत होत्या, पण त्यांचे कान इकडे होते हे मलासुद्धा कळत होतं. "सरी," अण्णा म्हणाले आणि सुताराला घेऊन खाली गेले.

शुक्रवारी मी सकाळपासूनच गेले आणि काहीही तपासलं नाही. नुसती बसले आणि कान देऊन ऐकलं. त्या खोलीत आल्यापासून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते तेव्हा कळलं. हवेचा पंप वाजत नव्हता. टँकमध्ये बुडबुडे तर येत होते. त्या काळचे पंप भुंग्यासारखे आवाज करायचे. मी बुडबुड्यांच्या नळीच्या मागे गेले. नळी टँकमधून निघून अक्कांच्या खुर्चीमागून खिडकीच्या गजांमधून बाहेर गेली होती. बाहेर, छज्ज्याखाली, प्लॅस्टिकची पिशवी बांधून, खिळ्याला पंप लटकवलेला.

"हा बाहेर कुणी टांगला?"

"मीच," सुभाष म्हणाला. "गुणगुणीनं अक्काला दुपारची झोप लागेना. हवाच घ्यायची आहे ना त्याला? बाहेर हवा आहे की."

बरणीत जे नव्हतं आणि टँकमध्ये होतं ते हेच. हवा.

मी गजांना गाल लावून खाली बघितलं. बरोबर खाली, हात-दीड हातावर, भिंतीला एक भोक होतं, कडा काळ्या पडलेल्या. भट्टीचा धूर तिथून बाहेर पडायचा आणि दोन भिंतींच्या मधे दुसरीकडे जायला वाट नव्हती म्हणून वर चढायचा.

"सुभाष, तू खाली जा आणि रोजचं काम कर. मी इथे बसते."

थोडा वेळ नुसता कोळशाचा धूर आला. मग एकदम दाट, पांढराशुभ्र धूर उठला, कापूस पिंजल्यासारखा. तो पंपाभोवती फिरला, गजांतून आत आला. अक्कांनी पदर नाकाला लावला. ते इतकं सवयीचं होतं की त्यांना स्वतःला कळलंही नसावं. मग त्या खोकल्या.

मी जिना उतरून खाली गेले. सुभाष पाटावर बसून मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या मातीच्या भांड्यात, बघत होता.

"आत्ता काय टाकलंस?"

"कधी?"

"आत्ता. पांढरा धूर झाला."

"हा होय? नवसागर. चिमटीभर टाकला की मळ सुटतो, सोनं मऊ येतं."

नवसागर. कल्हईवाल्याकडे प्रत्येकाने वास घेतलेला असतो. शाळेतल्या कपाटात दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरी बाटली, त्यावर मीच चिठ्ठी चिकटवलेली: अमोनियम क्लोराइड.

मी तिथेच, कोळशाच्या पोत्यावर बसले. टँक केव्हाचा पिकला होता. किंबहुना नवसागरानेच तो पिकवला होता. जिवाणूंना रोज ताजं जेवण मिळत होतं. ते बिचारे जेवढं खायचे तेवढं पंप पुन्हा आणून वाढायचा. अमावास्येला जेवण आलं नाही, त्यांनी ताट चाटून पुसून ठेवलं. शनिवारी पाणी पिवळं का होतं आणि गुरुवारी स्वच्छ का होतं, दोन्हीचं उत्तर एकच.

पण उत्तर सापडलं असं वाटणं आणि ते असणं यांत फरक आहे. मी अक्कांकडून दोन काचेच्या वाट्या मागितल्या. दोन्हींत बॅटरीचं शुद्ध पाणी घातलं. एक आतल्या स्वयंपाकघरात ठेवली, एक खिडकीत, अक्कांच्या कोपराशी. दिवसभर भट्टी चालू दिली. उन्हं उतरायच्या आत अण्णांना वर बोलावलं आणि दोन्ही नळ्या त्यांच्यासमोर केल्या, कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या.

स्वयंपाकघरातली पाण्यासारखी. खिडकीतली पिवळी.

अण्णा बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "ह्या धुरावर घर चाललं. तीन पोरींची लग्नं झाली. तवा कुनाला काय झालं न्हाई."

मी खिडकीतल्या पाण्याची नळी त्यांच्याकडे आणखी सरकवली.

"मासं नाजूक जात," अण्णा म्हणाले.

"आन् मी?" अक्कांनी विचारलं.

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. खरोखर माहिती विचारल्यासारखं विचारलं. अण्णा सरळ झाले. त्यांनी खिडकीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि खुर्ची अक्कांसकट धरून ओढायला लागले. "अवो, उठू तरी द्या!" अक्का म्हणाल्या. "म्या काय मखर हाय?"

पंप आत आला. त्याच्याखाली जुन्या गोधडीची घडी घातली तर आवाज निम्मा झाला. शनिवारी दुपारी, भट्टी चालू असताना, नळी स्वच्छ. रविवारी पुन्हा स्वच्छ. बोअरच्या जड पाण्यात खुशाल राहतात म्हणून मी दुकानातून दोन काळे मॉली नेले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, हळूहळू टँकचं पाणी तिच्यात मिसळलं, मग सोडले. एक तळाशी जाऊन बसला. दुसरा थेट काचेपाशी आला आणि अक्कांकडे बघत तोंड उघडझाप करायला लागला.

"हा अण्णांवर गेलाय," सुभाष म्हणाला.

सोमवारी गणपती टँकच्या शेजारी बसला. सुताराने मखर अरुंद केलं. राजण्णा दर्शनाला आले, टँकपुढेही हात जोडले.

विसर्जनानंतर अण्णांनी भट्टीच्या भोकाला पत्र्याचा पाइप लावून गच्चीच्याही वर नेला. अक्कांचा खोकला गेला असं मी लिहिणार नाही, कारण गेला नाही. कमी झाला. आडवं पडून झोपता येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, पावसाळा संपला, फुलांची धूळ बसली. तसंही असेल. माणसाच्या छातीतलं तपासायला माझ्याकडे थेंब नाहीत.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा मॉलींना पिलं झाली होती आणि अक्का माझी वाट बघत बसलेल्या दिसल्या. कौतुक दाखवायला असतील असं वाटलं. त्यांनी हातातली काचेची वाटी पुढे केली.

"ही तिसरी. ही खाली ठेव. सुभाषच्या पाटाशेजारी."

अण्णा तिथेच पेपर वाचत होते. "न्हाई," ते म्हणाले.

"का? मला कळू द्या, माझ्या लेकाच्या छातीत काय जातं ते."

"न्हाई म्हंजे न्हाई."

"अण्णा, नुसती वाटी आहे," मी म्हटलं. "कामात मधे येणार नाही."

अण्णांनी पेपराची घडी केली. "त्या वाटीत काय यील ते मला ठावं हाय, टेस्टबाई. तुमाला बी ठावं हाय. मासं पाच-सात बादल्या पान्यात व्हते तरी मेलं. पर जवर मोजलं न्हाई तवर काम हाय. मोजल्यावर काम कसं करायचं, सांगा."

सुभाष जिन्यात उभा होता. "अक्का, मी काय मॉली आहे?" असं म्हणून हसला आणि खाली गेला.

मला राग आला नाही हे आज लिहिताना विचित्र वाटतं. माझी सगळी गिऱ्हाईकं आकडा मागतात. मोजू नका असं म्हणणारा एकच भेटला, आणि त्यालाच आकड्याचा अर्थ सगळ्यांत चांगला कळला होता. मी त्यांना जे सांगता येईल ते सांगितलं: तोंडाला ओलं फडकं, पाठीमागे पंखा, दार उघडं. दार उघडं ठेवून सोनं कोण वितळवतं, असं ते म्हणाले. तेही बरोबर होतं.

याला आता तीन वर्षं झाली. अक्कांच्या टँकमध्ये मॉलींची कितवी पिढी आहे हे त्यांनाच माहीत. गल्लीतल्या न्हाव्यालाही त्यांतलेच मासे गेले आहेत. अण्णा आता वरच असतात, पाटावर सुभाष एकटा बसतो. मी दर वेळी त्याला वाटीचं विचारते. तो नाही म्हणत नाही. लग्नसराई होऊ दे, म्हणतो. गणपती होऊ देत. यंदा म्हणाला, दिवाळीचा सीझन जाऊ दे, टेस्टबाई, मग खुशाल ठेवा.

गेल्या आठवड्यात मी चामराजपेटेत गेले. पिशवीत नवी बाटली होती, औषध ताजं. गल्लीत शिरताना खोकला ऐकू आला. मी सवयीने वर बघितलं. अक्का खिडकीत होत्या, तोंड मिटलेलं, खाली जिन्याच्या दाराकडे बघत. खोकला खालून येत होता.

त्यांनी मला पाहिलं आणि गजांतून हात बाहेर काढून तीन बोटं दाखवली.

तिसरी वाटी माझ्या पिशवीत आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. अजून कोरडी आहे.